नवं, अवघड पियानो संगीत बसवायचं कसं? नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

पियानोच्या परीक्षांत ग्रेड सहा-सातपर्यंत पोचलेले पोट्टे-पोट्टी यूट्यूबवर लिगेटी, मेसियाँ, कॉवेल अशा विसाव्या शतकातल्या संगीतकारांचं काहीतरी ऐकतात आणि मग पहिला प्रश्न विचारतात की याला बोटं किती फास्ट लागतात. बाप्पा, बोटांचं नंतर पाहू. विसाव्या शतकातलं आणि त्याच्या पुढचं जे पियानो संगीत आहे ना, त्यातली खरी अडचण कागदावर असते, वाचायचं कसं, मोजायचं कसं, कोणता हात कधी कुठं जाणार हे ठरवायचं कसं. शोपॅनसारखं एकोणिसाव्या शतकातलं संगीत वाजवताना हात पुढे आणि डोकं मागे असलं तरी चालून जातं, कारण पुढचा सूर काय असेल ते कान सांगत असतो. इथे सुरुवातीला कान गप्पच असतो. म्हणून आधी कागद सोडवायचा, मग हात लावायचा, आणि मी खाली सगळं त्याच क्रमानं लिहून राहिलोय.

पीस निवडताना

छोटा घ्या. दोन पानांचा, जमलं तर एका पानाचा. लिगेटीच्या अठरा एट्यूड, म्हणजे तंत्राच्या सरावासाठीचे पीस (१९८५ ते २००१ मधल्या), पाहून कोणालाही मोह होतो, पण त्या भल्याभल्यांची परीक्षा पाहणाऱ्या आहेत, तिथून सुरू केलं तर महिनाभरात वही बंद होते आणि वर मनगट दुखतं ते वेगळंच. त्याच लिगेटीची आधीची 'म्युझिका रिचेरकाटा' नावाची मालिका आहे, १९५१ ते ५३ मधली, अकरा पीसेस. पहिल्या पीसमध्ये जवळपास शेवटपर्यंत फक्त 'ए' हा एकच सूर, वेगवेगळ्या सप्तकांत, आणि अगदी शेवटी 'डी'. एका सुरावर अख्खा पीस उभा करायचा म्हणजे लय, आवाजाची चढउतार, टच याशिवाय तुमच्याकडे काही उरतच नाही, आणि नेमकं तेच शिकायचंय.

दुसरा पर्याय हंगेरियन संगीतकार बार्टोकचा मायक्रोकॉसमॉस. १५३ पीसेस, सहा भाग, पहिल्या भागात अगदी बाळबोध आणि शेवटच्या भागात घाम काढणारे. चौथ्या भागापासून बघा. बार्टोक १९४५ मध्ये गेला आणि आपल्याकडे कॉपीराइट संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणून भारतात त्याचं संगीत मोकळं आहे, नोटेशन शोधायला पैसे लागत नाहीत. लिगेटी, कुर्ताग या संगीतकारांचं मात्र विकत घ्यावं लागतं आणि घ्यावंच, झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये स्टाकाटोचे (सूर तोडून वाजवायचे) ठिपके आणि ॲक्सेंट (जोराच्या खुणा) उडून गेलेले असतात, आणि या संगीतात ठिपका गेला म्हणजे अर्धा पीस गेला.

तिसरा म्हणजे कुर्तागचा 'याटेकोक', हंगेरियनमध्ये अर्थ 'खेळ'. १९७३ पासून त्यानं मुलांना पियानोची भीती वाटू नये म्हणून लिहायला घेतलेले छोटे छोटे तुकडे, त्यात तळहातानं, कोपरापर्यंतच्या हातानं, की-बोर्डवर घसरत वाजवायचं असतं. मला विचाराल तर ग्रेडच्या साच्यातून बाहेर यायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, मोठ्या माणसांनाही. टीचर नाक मुरडतील कदाचित, मुरडू द्या.

पियानोवर न बसता करायचं काम

नोटेशन घ्या, पेन्सिल घ्या, आणि पियानोपासून लांब बसा, डायनिंग टेबल चालेल. सुरुवातीला सूचनांचं पान असेल तर ते शब्द न शब्द वाचा. प्रत्येक संगीतकाराची चिन्हं वेगळी, एकाकडे जाड काळी पट्टी म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या कीज एकदम दाबायच्या, दुसऱ्याकडे त्याच पट्टीचा अर्थ वेगळा निघतो. शार्प-फ्लॅटचंही (सूर अर्धा वर-खाली करणाऱ्या खुणा) तसंच. आपण शिकलो की एकदा शार्प आला की बार (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला भाग) संपेपर्यंत लागू, पण नव्या संगीतात बऱ्याच ठिकाणी तो फक्त त्याच एका नोटपुरता असतो. हे आधी पाहिलं नाही तर पूर्ण पान चुकीचं पाठ होतं आणि पाठ झालेलं चुकीचं काढायला दुप्पट वेळ जातो.

मग खुणा करायला लागा. परत परत येणारा आकार एका रंगात. दोन हातांत एकच गोष्ट आरशासारखी उलटी येत असेल तर दुसऱ्या रंगात. प्रत्येक मात्रेवर वरून खाली उभी रेघ, म्हणजे दोन्ही हातांत काय एकत्र पडतं आणि काय मध्येच येतं ते दिसतं. पान भयंकर काळं दिसत असतं ना, पण या खुणा झाल्या की कळतं की त्यात तीन-चारच कल्पना आहेत, त्या फक्त फिरवून फिरवून वापरल्यात. लिगेटीच्या पहिल्या एट्यूडचंच घ्या, ऐकताना वाटतं सगळा गोंधळ आहे, पण कागदावर पाहिलं तर उजवा हात फक्त पांढऱ्या कीजवर आणि डावा फक्त काळ्या कीजवर, दोघांचे जोराचे ठोके सुरुवातीला एकत्र पडतात आणि मग उजव्याची मधूनमधून एकेक छोटी मात्रा कमी होते म्हणून ते एकमेकांपासून सरकत जातात. एवढंच गणित. वाजवायला अवघडच आहे, पण आता काय अवघड आहे ते तरी समजलं.

रेकॉर्डिंग कधी ऐकायचं यावर लोकांची भांडणं होतात. माझं मत, पीस निवडताना एकदा ऐका आणि मग लय हातात येईपर्यंत ऐकू नका. नाहीतर तुम्ही कागद वाचायचं सोडून त्या पियानिस्टची नक्कल करायला लागता, आणि त्यानं जिथं थोडं इकडचं तिकडं केलं असेल तेही तुमच्या हातात पक्कं बसतं.

लय, आणि इथे आपण पुढे आहोत

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण आपल्याकडच्या मुलांना ही गोष्ट घरातूनच मिळालेली असते आणि पियानोवर बसलं की ते विसरून जातात. तबल्याच्या क्लासमध्ये बोल आधी तोंडानं म्हणतात, हातानं टाळी-खाली दाखवत, आणि पढंत जमल्याशिवाय तबल्याला हात लावू देत नाहीत. पियानोच्या क्लासमध्ये मात्र सरळ मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावतात आणि म्हणतात वाजव. नव्या संगीताला पढंतच लागते.

बार्टोकच्या मायक्रोकॉसमॉसमध्ये ११३ नंबरचा पीस बल्गेरियन लयीत आहे, सात मात्रा, २+२+३. आपला रूपक ३+२+२. म्हणजे विभाग तेच, फक्त तीनचा विभाग शेवटी गेला. 'तक तक तकिट' म्हणा, टाळी प्रत्येक विभागाच्या पहिल्या अक्षरावर, चालत चालत म्हणा, अंबाझरीला सकाळी फिरायला जाता ना तेव्हा म्हणा, लोक बघतील तर बघू द्या. एक सावधगिरी, रूपकाच्या सवयीनं मन तीनच्या विभागाला सुरुवात मानायला ओढतं, म्हणून पहिल्या 'तक'वर मुद्दाम जोर द्या. पुढे १५१ नंबरचा पीस ३+२+३, 'तकिट तक तकिट'. आणि गंमत म्हणजे लिगेटीच्या चौथ्या एट्यूडमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत जो आठ सुरांचा फिरता तुकडा चालतो तोही ३+२+३ च आहे. म्हणून ती एट्यूड कधीतरी वाजवायचं स्वप्न असेल तर आधी बार्टोकचा १५१ पक्का करा.

आता दोन हातांत दोन वेगळ्या लयी. तीनाला दोन, म्हणजे एका हातात तीन नोट होतात तेवढ्याच वेळात दुसऱ्यात दोन, बहुतेकांना येतं. चाराला तीन असेल तर बाराचं घर पाडा, कागदावर एक ते बारा आकडे लिहा, चार नोटवाला हात १, ४, ७, १० वर आणि तीन नोटवाला १, ५, ९ वर. टेबलावर दोन्ही हातांनी ठोका, आधी फार हळू, मग आकडे विसरून त्या ठोक्यांचा एकत्र जो आकार ऐकू येतो तो तोंडानं म्हणायला लागा. आकडे कायम मोजत राहिलात तर लय कधीच वाहणार नाही.

पाचाला चार, साताला चार आलं की घर पाडणं कटकटीचं होतं, वीस आणि अठ्ठावीस घरं कोण मोजेल. तिथे मेट्रोनोमची युक्ती वापरा. समजा मूळ लय मिनिटाला ६० ठोके आहे आणि चार मात्रांत पाच नोट बसवायच्या आहेत, तर त्या पाच नोटांची स्वतःची लय ७५. सात बसवायच्या असतील तर १०५. तबलेवाल्यांसाठी यात नवीन काही नाही, ६० ची दीडपट ९० म्हणजे आड, सव्वापट ७५ म्हणजे कुआड, पावणेदोनपट १०५ म्हणजे बिआड. तर आधी फक्त ६० वर चालत रहा, मग मेट्रोनोम ७५ वर टाकून पाच म्हणा, परत ६०. असं अदलाबदल करत राहिलं की काही दिवसांनी मेट्रोनोम न बदलताही उडी मारता येते. घरात किंवा शेजारी कोणी तबला वाजवणारं असेल तर त्यांना बसवा, ते ६० चा ठेका धरतील आणि तुम्ही वर कुआडीत बोला, याच्यापेक्षा चांगली प्रॅक्टिस महागड्या ॲपमध्ये पण नाही.

आणि हे काही ओढूनताणून जोडलेलं नातं नाही बरं. शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यातली १२० देशी तालांची यादी फ्रेंचमध्ये छापली गेली आणि मेसियाँनं ती पाहून आपल्या संगीतात ते ताल वापरले. म्हणजे आपल्या देवगिरीचे ताल पॅरिसला जाऊन नोटेशनमधून परत आपल्याकडे आले, आणि आपण ते पाहून घाबरून राहिलोय.

फिंगरिंग, उड्या आणि हातांची वाटणी

आता पियानोवर बसा. फिंगरिंग, म्हणजे कोणत्या नोटला कोणतं बोट, पहिल्याच आठवड्यात ठरवा आणि लिहून टाका. जुन्या संगीतात स्केल आणि अर्पेजिओच्या सवयीनं बोटं आपोआप पडतात, इथे ती सवय उपयोगाची नाही, म्हणून रोज वेगळी बोटं पडली तर पीस कधीच बसणार नाही. अंगठा काळ्या कीवर नको हा नियम इथे सोडून द्या.

एखादी नोट उजव्या हाताच्या ओळीत लिहिली म्हणून ती उजव्यानंच वाजवायची असं नाही, डाव्यानं सोपी जात असेल तर घ्या, फक्त आवाजाचा धागा तुटायला नको. मात्र संगीतकारानं मुद्दाम हात एकमेकांवरून न्यायला लावले असतील तर तसंच करा, तिथे ते दिसणंही संगीताचा भाग असतं.

लांब उडी असेल तर आधी आवाज न करता उडी मारा, म्हणजे हात जाऊन कीजवर नुसता टेकतो, दाबत नाही. बरोबर जागी टेकला तरच दाबायचं. नजर हाताच्या आधी पोचली पाहिजे, आणि दोन्ही हात एकदम उलट दिशेला उडत असतील तर कोणत्या हाताकडे बघायचं तेही पेन्सिलनं लिहून ठेवा, ऐनवेळी ठरवायला वेळ नसतो.

काही पानं खरंच अशक्य असतात. झेनाकिस या संगीतकाराच्या १९७३ च्या 'एव्रिआली'मध्ये तर पियानोच्या शेवटच्या कीच्याही पलीकडचा सूर लिहिलाय, जो पियानोवर नाहीच. अशा ठिकाणी काय सोडायचं आणि काय ठेवायचं ते वाजवणाऱ्यानं ठरवायचं असतं, फक्त ते घरी विचार करून ठरवा, स्टेजवर हात अडकला म्हणून नको.

क्लस्टर, मुके सूर आणि तुमच्याकडचा पियानो

क्लस्टर म्हणजे शेजारशेजारच्या पुष्कळ कीज एकदम. सुरुवातीला हेन्री कॉवेलचा 'द टाइड्स ऑफ मनॉनॉन' चांगला आहे, डावा हात तळव्यानं आणि कोपरापर्यंतच्या हातानं खाली लाटा उठवतो आणि उजव्या हातात साधी, गाता येईल अशी चाल. हात आपटायचा नाही. खांद्यातून वजन सोडायचं, पोळी लाटताना लाटण्यावर जसा भार देतो तसा, सगळीकडे सारखा. हळू आवाजातला क्लस्टर मोठ्या आवाजापेक्षा कठीण, त्यासाठी आधी हात कीजवर टेकवून ठेवा आणि मग सगळा एकदम खाली न्या, नाहीतर काही सूर वाजतात काही नाही. स्टॉकहाउसन या संगीतकाराच्या दहाव्या क्लाव्हिअरश्टूकमध्ये (जर्मनमध्ये अर्थ 'पियानोचा पीस') क्लस्टर घसरत न्यायचे असतात, त्यासाठी बोटांची टोकं कापलेले हातमोजे घालतात. आपल्याकडे मे महिन्यात तळव्याला घाम आला की साधी ग्लिसांडोसुद्धा (कीजवरून बोट घसरवत नेणं) चामडी सोलते, तेव्हा पातळ सुती हातमोजा कापून ठेवायला हरकत नाही.

मुके सूर म्हणजे की इतकी हळू दाबायची की हातोडी तारेला लागत नाही पण डॅम्पर (तारेला गप्प करणारा तुकडा) उचलला जातो, मग दुसरे सूर जोरात वाजवले की त्या मोकळ्या तारा आपोआप घुमतात. मायक्रोकॉसमॉसचा १०२ नंबर यासाठीच आहे. आता अडचण अशी की नागपुरात बहुतेकांकडे डिजिटल पियानो असतो आणि साध्या मॉडेलवर हा परिणाम येतच नाही, थोड्या वरच्या मॉडेलमध्ये स्ट्रिंग रेझोनन्स म्हणून त्याची नक्कल असते, सेटिंगमध्ये बघून घ्या. तसंच पॉलिफनीचा, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात तो आकडा बघा. ६४ वगैरे असेल तर पेडल दाबून दोन-तीन मोठे क्लस्टर वाजवले की आधीचे सूर गुपचूप कापले जातात, तुम्हाला वाटतं आपलं पेडल चुकून राहिलं. १२८ किंवा जास्त असलेलं बरं. आणि ६१ कीजच्या कीबोर्डवर हे संगीत करू नका, अर्ध्या जागा त्यात नाहीतच.

ज्यांच्याकडे खरा अपराइट (उभा पियानो) आहे त्यांनी मधलं पेडल तपासा, बऱ्याच अपराइटमध्ये ते आवाज दाबण्याचं असतं, निवडक सूर धरून ठेवण्याचं नसतं, आणि नोटेशनमध्ये तेच मागितलं असेल तर दुसरा उपाय शोधावा लागतो. कूलरचा झोत पियानोवर कधीच नको. उन्हाळ्यात नागपूरची हवा कोरडी ठक्क आणि कूलर सोडतो दमट हवा, लाकूड फुगतं-आकसतं, ट्यूनिंग टिकत नाही. पावसाळ्यात कीज चिकटायला लागतात ते वेगळंच.

तारांवर हात फिरवायचे पीस, जसं कॉवेलचा 'एओलियन हार्प', त्याला ग्रँड (आडव्या तारांचा मोठा पियानो) लागतो. तो शाळेत, चर्चमध्ये, कोणाच्या घरी जिथं असेल तिथं मालकाला आधी नीट सांगून, परवानगी घेऊनच. हात धुऊन कोरडे करा कारण घामानं तारांना गंज चढतो, डॅम्परना बोट लावू नका, आणि सूर ओळखायला काही चिकटवायचं असेल तर ट्यूनरला विचारून. तारांमध्ये स्क्रू, रबर अडकवून वाजवायचा प्रिपेअर्ड पियानो तर नवशिक्यांनी इतक्यात नकोच. जॉन केजच्या १९४६-४८ च्या सोनाटा आणि इंटरल्यूड्समध्ये ४५ सुरांची अशी तयारी करावी लागते. ऐका मात्र जरूर, त्यानं ते आपल्या नवरसांच्या कल्पनेवरून लिहिलंय.

आवाजाच्या पायऱ्या

मेसियाँनं १९४९ मध्ये एक पीस लिहिला ज्यात प्रत्येक सुराची लांबी, ठोका आणि आवाज ठरलेला, आवाजाच्या एकूण सात पायऱ्या. तो पीस वाजवू नका, पण त्या सात पायऱ्या घ्या. रोज एकच की, सातही आवाजांत चढत आणि उतरत, मग उलटसुलट, घरातल्या कोणालातरी आकडा सांगायला लावा आणि तो आवाज काढा. बहुतेकांना कळतं की आपल्याकडे तीनच आहेत. हेडफोन लावून करू नका, त्यात सगळंच छान वाटतं.

पाठ करायचं का?

माझ्या मते नाही केलं तरी चालतं. नव्या संगीताचे मोठमोठे पियानिस्ट समोर नोटेशन ठेवून वाजवतात, टॅबलेट आणि पायानं पान उलटायचं पेडल आता मिळतं. तरीपण उड्यांच्या जागा आणि पान उलटतानाचे दोन बार पाठ पाहिजेतच. आणि पीसमध्ये चार-पाच जागा अशा तयार ठेवा की कुठेही भरकटलात तर तिथून परत सुरू करता येईल.

मनगटात किंवा हातात दुखायला लागलं तर त्या दिवशी बंद करा. या संगीतात एकच हालचाल शेकडो वेळा येते, दुखणं सहन करून वाजवण्यात काही मर्दुमकी नाही.

लोकांसमोर

पहिला कार्यक्रम मोठ्या हॉलमध्ये नको. धरमपेठेत, सिव्हिल लाइन्समध्ये कोणाचा तरी मोठा हॉल, वीस-पंचवीस माणसं, आणि सगळे ओळखीचे. आधी पंखे आणि कूलर बंद करता येतात का ते पहा, कारण नव्या संगीतात शांत जागा खूप असतात आणि पंख्याच्या घरघरीत मुके सूर ऐकूच येत नाहीत. मे मध्ये पंखा बंद करा म्हटलं तर लोक तुम्हालाच बाहेर काढतील, म्हणून डिसेंबर-जानेवारीच बरा.

वाजवायच्या आधी दोन वाक्यं बोला, जास्त नको. 'या पीसमध्ये एकच सूर आहे, दुसरा कधी येतो ते पहा' एवढं सांगितलं की म्युझिका रिचेरकाटाचा पहिला पीस नागपूरचा माणूस कान देऊन ऐकतो, आणि शेवटी तो 'डी' आला की समेवर देतात तशी दाद पण मिळते. उलट आधी दहा मिनिटं सिद्धांत समजावत बसलात तर मागच्या रांगेतल्या काकू चहाचं बघायला उठतात.

क्रम असा ठेवा की ओळखीचं काही सुरुवातीला, नवं मध्ये, आणि शेवटी परत काहीतरी ठेक्याचं, बार्टोकचा बल्गेरियन नाच चालेल. शांततेच्या जागांत हात हवेत तसाच स्थिर ठेवा, मांडीवर आणला की लोकांना वाटतं संपलं आणि टाळ्या पडतात. मात्रा आत मोजत रहा, मान हलवून नाही.

सगळं रेकॉर्ड करा, मोबाइल समोरच्या रांगेत ठेवून. दुसऱ्या दिवशी नोटेशन समोर घेऊन ऐका आणि लय कुठं पळाली तेवढंच पेन्सिलनं मार्क करा, बाकीच्या चुका राहू द्या. पीस महिनाभर बाजूला ठेवा, त्या काळात दुसरा छोटा घ्या, आणि मग हाच परत काढा. दुसऱ्यांदा बसवताना तो पहिल्यापेक्षा खूप लवकर बसतो, आणि लोकांसमोर दुसऱ्यांदा वाजवायला तेव्हाच घ्यावा.